एअर रायफल आणि एअर पिस्तूल: पेलेटचे वजन कसे निवडावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मॅच दर्जाचे (स्पर्धेचे) पेलेट, म्हणजे एअरगनचे छरे, बहुतेकांना पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात. चुकीचा डबा आला की ५०० पेलेट घरात पडून राहतात आणि मुलगा तेच संपवायचे म्हणून स्पर्धेतही तेच झाडतो. म्हणून मागवण्याआधी पालक आणि नवे नेमबाज जे विचारतात, त्याची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. भर १० मीटर प्रकारावर आहे. माळावर टिनाचे डबे उडवणाऱ्यांसाठीही पुढे थोडे आहे.

डब्यावर कधी ग्रेन लिहिलेले असते, कधी ग्रॅम. नक्की काय बघायचे?

१ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. नेहमी लागणारी वजने पाठच करून टाका: ७.० ग्रेन म्हणजे ०.४५ ग्रॅम, ७.५ म्हणजे ०.४९, ७.८७ म्हणजे ०.५१ आणि ८.२ म्हणजे ०.५३. घरात सराफी काम असेल तर ८.२ ग्रेनचा पेलेट साडेचार गुंजांपेक्षा जरासा हलका, असे धरा. सगळे ४.५ मि.मी. मापातलेच असतात. वजन वाढते ते आत शिसे जास्त भरल्याने किंवा पेलेट लांब केल्याने.

फोनवरून ऑर्डर देताना ग्रॅममध्येच सांगा. दुकानदार "साडेसातवाला" म्हणाला तर तो वजनाबद्दल बोलतोय की किमतीबद्दल, हे एकदा विचारून घ्या.

रायफलला जड आणि पिस्तुलाला हलका पेलेट, असा नियम आहे का?

स्पर्धेच्या नियमावलीत वजनाची अट नाही. ४.५ मि.मी. व्यासाचा, शिशाचा किंवा तशाच मऊ धातूचा पेलेट हवा, एवढेच. जड-हलक्याची ही पद्धत कंपन्यांनी रूढ केली. आरडब्ल्यूएस या जर्मन कंपनीचे आर१० किंवा माइस्टरकुगेल्न घ्या: पिस्तुलासाठी ०.४५ ग्रॅम, रायफलसाठी ०.५३ ग्रॅम, असे वेगवेगळे डबे मिळतात.

यामागे कारण आहे. मॅच पिस्तुलाची ताकद रायफलपेक्षा कमी असते आणि ते एका हातात, अधांतरी धरलेले असते. ट्रिगर सुटल्यापासून पेलेट बॅरलबाहेर पडेपर्यंत हात हलतच असतो. पेलेट हलका असेल तर तो लवकर बाहेर पडतो आणि हाताच्या चुकीला कमी वेळ मिळतो. धक्काही किंचित कमी बसतो. रायफल खांद्याला टेकलेली असते, ताकद थोडी जास्त असते, म्हणून तिथे जड पेलेट चालून जातो.

पण हे अंदाज आहेत. ०.५३ ग्रॅमने उत्तम मारणारी पिस्तुले आहेत आणि ०.५१ ग्रॅमवर खूश असलेल्या रायफलीही. पहिला डबा या पद्धतीने घ्या, दुसरा चाचणी करून.

वजन बदलले तर मार (गोळी लागण्याची जागा) किती सरकतो?

लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त. हिशेब करून बघू.

मॅच रायफलमधून ०.५३ ग्रॅमचा पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास सुटतो, म्हणजे ऊर्जा साधारण ७.७ जूल. ऊर्जा तीच धरली तर ०.४५ ग्रॅमचा पेलेट १८४ मीटरने सुटेल. १० मीटर कापायला पहिल्याला ०.०५९ सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.०५४. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने पहिला १७ मि.मी. खाली येतो आणि दुसरा साधारण साडेचौदा. फरक अडीच मि.मी.

रायफलच्या टार्गेटवर दोन वलयांमधले अंतर नेमके अडीच मि.मी. आहे. म्हणजे सराव ०.४५ ग्रॅमने केला, स्पर्धेला ०.५३ ग्रॅमचा डबा नेला आणि साइट (नेम धरायची खूण) हलवली नाही, तर बरोबर मध्यात जाणारी, सर्वाधिक गुणांची १०.९ ची गोळी १०.० च्या काठावर किंवा ९.९ वर येऊन बसते. ६० गोळ्यांत याचा किती फटका बसेल, ते तुम्हीच काढा.

पिस्तुलात सरकणे अजून जास्त. ०.४५ ग्रॅम १५० मीटरने जात असेल तर ०.५३ ग्रॅम १३८ च्या आसपास जाईल आणि जवळपास ४ मि.मी. खाली लागेल. पण पिस्तुलाच्या टार्गेटवर वलयांतले अंतर ८ मि.मी. आहे, म्हणून तो अर्ध्या वलयाचाच मामला ठरतो आणि बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही.

प्रत्यक्षात रेग्युलेटरवाल्या (दर गोळीला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या) बंदुकीला जड पेलेटमधून थोडी जास्त ऊर्जा मिळते, त्यामुळे फरक या आकड्यांपेक्षा जरा कमी निघेल. दिशा मात्र हीच: जड खाली, हलका वर. वजन बदलले की पुन्हा झिरो करायचे, म्हणजे मार मध्यात येईल अशी साइट लावायची, त्यात पळवाट नाही.

परदेशी व्हिडिओत तर सांगतात की रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळी वर लागते. मग आपल्याकडे उलटे कसे?

दोन्ही खरे आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी बॅरलमध्ये असतानाच धक्क्याने तोंड वर उचलायला लागते. जड गोळी हळू जाते, बॅरलमध्ये जास्त वेळ राहते आणि धक्काही जास्त देते, म्हणून ती बाहेर पडताना तोंड जास्त वर गेलेले असते. त्यामुळे .३८ स्पेशल काडतुसात जवळच्या अंतरावर १५८ ग्रेनची गोळी १२५ ग्रेनपेक्षा वर लागते, आणि अशा कित्येक रिव्हॉल्व्हरच्या न हलणाऱ्या साइट १५८ ग्रेनसाठीच बसवलेल्या असतात. तीच काडतुसे चालवणारी लिव्हर-अ‍ॅक्शन (ट्रिगरजवळची दांडी खालीवर करून भरायची) रायफल जड असते आणि खांद्याला टेकलेली असते. तिथे तोंड तेवढे उचलले जात नाही आणि लांबच्या अंतरावर जड गोळी खालीच जाते.

एअर पिस्तुलाचा धक्का जवळपास नसतोच. राहते फक्त गुरुत्वाकर्षण. म्हणून काडतुसांच्या दुनियेतले ठोकताळे आपल्या छर्‍यांना लावू नका.

आणखी एक फरक. काडतुसाची जड गोळी लांब असते आणि तिला स्थिर ठेवायला बॅरलमधल्या पेचांची फिरत जास्त लागते. .४४ मॅग्नमच्या काही लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींत ३८ इंचांत एकच फेरा असतो, त्यामुळे फार जड गोळ्या त्यांतून डगमगत जातात. आपला पेलेट कमरेत बारीक आणि मागे पोकळ असतो. त्याला फिरत तर मिळतेच, शिवाय मागचा घेर हवेत ओढ धरून त्याचे तोंड पुढे ठेवतो. ७ ते ८.२ ग्रेनच्या पट्ट्यात वजनामुळे पेलेट डगमगला, असे होत नाही. डगमगला तर दोष बहुधा बॅरलच्या तोंडाचा किंवा दबलेल्या पेलेटचा.

वजन आधी बघायचे की हेड साइज?

वजनाने सुरुवात करा, पण निकाल हेड साइजवर लागतो. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. तो पेलेटच्या डोक्याचा व्यास. बॅरलच्या आतल्या मापाला डोके नीट बसले तर पेलेट सरळ निघतो. ढिले बसले तर तिरका निघतो. फार घट्ट असेल तर भरतानाच जोर लागतो आणि वेग गोळीगणिक बदलतो.

एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या ४.४९ आणि ४.५० मध्ये ग्रुप (गोळ्यांचा पसारा) दुप्पट झालेला दिसू शकतो. ०.५१ ग्रॅमवरून ०.५३ ग्रॅमवर गेल्याने, हेड तेच असेल तर, असा फरक क्वचितच पडतो. "आर१० घ्या" एवढा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. कोणता आर१०, हे सांगणाऱ्यालाही तुमच्या बॅरलबद्दल माहीत नसते.

घरच्या घरी चाचणी कशी घ्यायची?

जागा आधी ठरवा. फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या पुढच्या बाजूपर्यंत फीतीने मोजून १० मीटर. पंखा, कूलर बंद. टार्गेटच्या मागे जाड पुठ्ठा लावा, म्हणजे भोक स्वच्छ पडते.

हेड साइज तपासायचे असतील तर एकेक डबा घेऊ नका. वेगवेगळ्या मापांचे थोडे थोडे पेलेट असलेले नमुन्याचे पाकीट मिळते. ते नसेल तर चार नेमबाजांनी आपापल्या डब्यातून पन्नास-पन्नास काढून अदलाबदल करावी.

रेग्युलेटरवाली रायफल वाइसमध्ये (बाकाला जोडलेल्या शिकंज्यात) धरता येते. जबड्यांना रबर किंवा जाड चामडे लावा आणि लाकडी किंवा धातूच्या भक्कम भागावर पकडा. बॅरल किंवा हवेचा सिलिंडर कधीच आवळू नका. वाइस हलत्या टेबलावर असेल तर सगळी मेहनत वाया. जमिनीत रोवलेल्या किंवा भिंतीला जखडलेल्या बाकाला पर्याय नाही. वाइस नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर टेकवा आणि दरवेळी बंदूक त्याच ठिकाणी टेकली आहे ना, ते बघा. पुढच्या टेकूच्या जागी पेन्सिलने खूण केली की काम सोपे होते.

पेलेट बदलला की पहिले २० मोजायचे नाहीत. आधीच्या पेलेटचे शिसे आणि त्यावरचे तेल बॅरलमध्ये बसलेले असते, नव्याचा थर बसेपर्यंत मार भटकतो. ही पायरी गाळणारे लोक चांगला पेलेट नापास करून टाकतात.

त्यानंतर १० गोळ्यांचे तीन ग्रुप, प्रत्येक नव्या टार्गेटवर. साइट हलवायची नाही. मार मध्यात आहे की बाजूला, याच्याशी आज आपल्याला देणेघेणे नाही, फक्त गोळ्या किती जवळजवळ पडतात ते बघायचे. चार प्रकार तपासायचे तर ८० थर बसवायला आणि १२० मोजायला, एकूण २०० पेलेट लागतात. सुरू करण्याआधी हवेचा दाब बघा. रेग्युलेटरच्या पातळीखाली दाब गेला की वेग पडायला लागतो आणि शेवटच्या पेलेटवर विनाकारण अन्याय होतो.

पहिल्या फेरीत जे दोन पुढे आले त्यांना दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने पुन्हा चालवा.

पाच गोळ्यांचा ग्रुप पुरत नाही का?

नाही. पाच गोळ्या एकाच भोकात जाणे पुष्कळदा नशिबाचा भाग असतो. तोच पेलेट पुढच्या पाचांत दुप्पट पसरतो. लोक सगळ्यात लहान ग्रुपचा फोटो ठेवतात. आपल्याला तीन ग्रुपची सरासरी हवी.

ग्रुप मोजायचा कसा?

व्हर्नियर कॅलिपरने सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा. कागदावरचे भोक ४.५ मि.मी. पेक्षा जरा लहान पडते, म्हणून त्याच कागदावर एक सुटी गोळी मारून तिचे भोक मोजा आणि तोच आकडा वजा करा. उदाहरणार्थ बाहेरून ६.६ मि.मी. आणि सुटे भोक ४.३ असेल, तर केंद्रापासून केंद्रापर्यंतचा ग्रुप २.३ मि.मी.

दोन पेलेटच्या सरासरीत अर्ध्या मि.मी. पेक्षा कमी फरक असेल तर तो फरक नाहीच, असे समजा. तिथे जो सहज मिळतो तो घ्या. दुकानात वर्षातून दोनदा येणारा, थोडासा चांगला पेलेट सोलापुरात बसून उपयोगाचा नाही.

सराफाच्या काट्यावर पेलेट तोलून वेगळे करावेत का?

०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर करता येते. पण फायदा किती, ते आधी बघा. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटमध्ये ०.०१ ग्रॅमचा फरक असेल तर १० मीटरवर मार साधारण ०.३ मि.मी. सरकतो, म्हणजे दशांश गुणांत ०.१ च्या आसपास. चांगल्या मॅच डब्यात बहुतेक पेलेट एकमेकांपासून ०.००५ ग्रॅमच्या आत असतात. तिथे तोलण्यात घालवलेली संध्याकाळ ड्राय फायरिंगला (गोळी न भरता ट्रिगरच्या सरावाला) दिली तर जास्त गुण मिळतील.

स्वस्त डब्याचे तसे नाही. त्यात ०.०२ ते ०.०३ ग्रॅमचा पसारा सापडतो, म्हणजे वजनामुळेच तीन दशांश इकडेतिकडे. अशा डब्यातले २० पेलेट तोलून बघा. पसारा मोठा असेल तर तो डबा फक्त उभे राहण्याच्या आणि ट्रिगरच्या सरावाला ठेवा.

तोलताना काटा सपाट जागी, वर पंखा नको, आणि दर वीसेक पेलेटांनंतर शून्य तपासा. दहा पैशांच्या आकाराच्या पॅनवर एसीचा झोत आला तरी शेवटचा आकडा नाचतो.

मुलीने नुकतीच क्लबची रायफल हातात घेतली आहे. कोणता डबा आणू?

क्लबची रायफल असेल तर प्रशिक्षकांना विचारून तिच्यात जो चालतो तोच आणा. दहा मुले दहा प्रकारचे पेलेट घालतात आणि बॅरलमधला थर दर तासाला बदलतो. ही क्लबांतली नेहमीची रड आहे. विचारायला कोणी नसेल तर सपाट तोंडाचा, ०.५३ ग्रॅमचा, ४.५० हेडचा. पिस्तूल असेल तर ०.४५ ग्रॅम. पहिले सहा महिने याहून पुढे जाऊ नका. ग्रुप २० मि.मी.चा असताना पेलेटमुळे दोन मि.मी. वाचले तरी कोणाला कळणार?

माझी स्प्रिंगची बंदूक आहे, जुनी देशी आयएचपी. तिला जड पेलेट घातला तर जोर वाढेल का?

नाही, बहुतेक वेळा कमीच होईल. स्प्रिंग बंदुकीत पिस्टन पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढे दाबलेली हवा पेलेटला ढकलते. पेलेट फार जड असेल तर तो जागचा हलायच्या आत दाब चढतो आणि पिस्टन परत मागे उसळतो. ऊर्जा त्यातच जाते, वर झटका विचित्र लागतो. फार हलका असेल तर पेलेट लगेच पळून जातो, पिस्टनपुढची हवेची गादी उरत नाही आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो. आवाज ठण्ण येतो. रोज असे होत राहिले तर सील फाटते आणि स्प्रिंग मोडते. पेलेट न घालता चालवणे म्हणजे याचेच टोक, म्हणून ते करूच नये.

जुन्या किंवा मध्यम ताकदीच्या स्प्रिंग बंदुकीला ७ ते ७.९ ग्रेन, नव्या जोरदार बंदुकीला ७.९ ते ८.५ ग्रेन, इथून सुरुवात करा. जुन्या देशी बॅरलींची आतली मापे एकसारखी नसतात. पेलेट अंगठ्याने ढकलताच आत पडत असेल तर वजन तसेच ठेवून मोठ्या हेडचा शोधा. स्कर्ट (मागचा घेर) मऊ असलेला पेलेट अशा बॅरलमध्ये बरा चालतो, कारण मागून दाब आला की त्याचा घेर फुलून कडेला टेकतो.

अशी बंदूक वाइसमध्ये धरून तपासू नका. तिला मागे-पुढे उसळू द्यावे लागते. पुढचा भाग उघड्या तळव्यावर ठेवा, तळवा पिशवीवर.

उडवल्यावर जळक्या तेलाचा वास किंवा धूर आला, आवाज फटाक्यासारखा झाला, तर सिलिंडरमधले तेल दाबाने पेटते आहे. तेव्हा वेगही भलतेच येतात. त्या दिवशी पेलेटची तुलना करत बसू नका, आणि पुन्हा तेल घालण्याआधी हात आवरा.

खोक्यावर "११०० फूट वेग" लिहिले आहे. तो कोणत्या पेलेटचा?

सहसा सगळ्यात हलक्या, शिसे नसलेल्या पेलेटचा. सुमारे ५ ग्रेनचा (०.३२ ग्रॅम) पेलेट सेकंदाला ३३५ मीटरने गेला तर ऊर्जा १८ जूल होते. तेवढ्याच ऊर्जेत ८.२ ग्रेनचा पेलेट २६० मीटरने, म्हणजे साधारण ८५५ फुटांनी जाईल. जाहिरातीला ११०० बरे दिसतात, नेमाला ८५५ बरे. ध्वनीचा वेग २० अंशांना ३४३ मीटर आहे. त्याच्या जवळ गेलेला पेलेट हवेच्या धक्क्यांनी डगमगतो आणि ग्रुप उधळतो. स्प्रिंगच्या जोरदार बंदुकीत जड पेलेट घेण्याचे खरे कारण हेच: वेग खाली आणणे.

२५ ते ५० मीटरवर मारायचे असेल तर?

तिथे सपाट तोंडाचा पेलेट सोडा. तो कागदाला सुरेख गोल भोक पाडतो, पण हवा फार अडवतो आणि २५ मीटरच्या पुढे भरकटतो. गोल तोंडाचा घ्या: ८.४४ ग्रेन (०.५४७ ग्रॅम) बहुतेकांना जमतो, आणि ताकद पुरेशी असलेल्या हवा भरलेल्या बंदुकीत १०.३४ ग्रेन (०.६७ ग्रॅम) वाऱ्यात जास्त टिकतो. होटगीच्या बाजूचा उघडा माळ आणि दुपारचा वारा असेल तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. टोकदार पेलेटच्या नादी लागू नका. टोके कधीच एकसारखी नसतात.

सोलापूरच्या उन्हाळ्यात वजन बदलावे लागते का?

१० मीटरसाठी नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे हवा पातळ होते हे खरे. पण १० मीटरच्या प्रवासात त्याने मार एक-दोन दशांश मि.मी. सुद्धा जेमतेम सरकतो.

त्रास देतो तो कूलर. फायरिंग लाइन आणि टार्गेटच्या मधून आडवा झोत गेला तर पेलेट एक-दोन मि.मी. सहज सरकतो, आणि झोत कमी-जास्त होत असल्याने साइट हलवून उपाय होत नाही. कूलर नेमबाजाच्या मागे ठेवा आणि तोंड भिंतीकडे करा.

दुसरी गोष्ट, भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका. २७ अंशांना २०० बार असलेला दाब ६० अंशांना २२२ बार होतो. मेमध्ये पार्क स्टेडियमबाहेर उन्हात उभी केलेली गाडी आतून तेवढी तापायला वेळ लागत नाही. सिलिंडरवरची मुदतीची तारीखही बघून ठेवा.

स्प्रिंगच्या बंदुकीत गरमीने ग्रीस पातळ होते आणि वेग थोडा बदलतो. सकाळी केलेला झिरो दुपारी तपासावा, एवढेच.

एकदा पेलेट ठरला की किती डबे घ्यायचे?

दिवसाला ८० गोळ्या आणि महिन्याला २५ दिवस म्हणजे २,००० पेलेट, ४ डबे. डब्याच्या मागच्या चिकटपट्टीवर लॉट (एका खेपेत बनलेला माल) क्रमांक असतो. तोच क्रमांक मागा, कारण साचा बदलला की त्याच वजनाचा, त्याच हेडचा पेलेटही वेगळा वागू शकतो. स्पर्धेसाठी त्या लॉटचे सहा-आठ डबे बाजूला काढून ठेवले तर हंगाम निघतो. ५० मीटर रायफलवाले तर .२२ च्या काडतुसांचा लॉट स्वतःच्या बॅरलमध्ये तपासल्याशिवाय घेतच नाहीत. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवले तो हाच प्रकार.

सरावाला स्वस्त आणि स्पर्धेला महाग पेलेट चालेल?

वजन तेच असेल तर चालेल. ०.५३ ची रायफल असेल तर सरावाचाही ०.५३ च घ्या. तरीही स्पर्धेच्या किमान आठवडाभर आधी पूर्णपणे स्पर्धेच्या पेलेटवर या आणि झिरो पक्का करा. ऐन स्पर्धेच्या सराव-वेळात पेलेट बदलणे म्हणजे बॅरलचा थर, झिरो आणि मनाची घडी तिन्ही एकदम विस्कटणे.

शिशाची काळजी कशी घ्यायची?

पेलेट हाताळताना खाणेपिणे नाही, पेलेट तोंडात धरणे तर अजिबात नाही. संपल्यावर साबणाने हात धुवा. पेलेट-ट्रॅप (मारलेले पेलेट अडवणारी पेटी) रिकामा करताना कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा. डब्यातल्या पेलेटवर पांढरी भुकटी दिसली तर ते शिशाचे गंजणे आहे. तो डबा स्पर्धेला नको आणि लहान मुलांच्या हाती तर नकोच. कथिलाचे, शिसे नसलेले पेलेट मिळतात. ते हलके असतात, म्हणून झिरो वेगळा लागतो.

जड पेलेट घातल्याने परवान्याचा प्रश्न येतो का?

येऊ शकतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मि.मी. पर्यंतच्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअरगन परवान्याशिवाय ठेवता येते. यापैकी एक मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो. हवा भरलेल्या बंदुकीत जड पेलेटबरोबर ऊर्जा वाढते. ०.५४७ ग्रॅम २६५ मीटरने गेला तर १९.२ जूल, आणि त्याच बंदुकीने ०.६७ ग्रॅम २५० मीटरने फेकला तर २०.९ जूल. म्हणून क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) सगळ्यात जड पेलेटही मोजा. सूत्र सोपे: वजन किलोत, वेग सेकंदाला मीटरमध्ये, वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन.

पाखरांसाठी, सशासाठी कोणते वजन?

कोणतेच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तो गुन्हा आहे, बंदुकीला परवाना लागो वा न लागो. नान्नजचे माळढोक अभयारण्य आपल्या दारात आहे, त्या बाजूला एअरगन घेऊन फिरणेही अंगाशी येईल.

परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसे घरी भरून गोळीचे वजन बदलता येईल का?

दारूगोळा तयार करायला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. कारखान्यात भरलेल्या काडतुसांतूनच निवड करा. .३२ लाँगमध्ये सपाट तोंडाची, १०० ग्रेनच्या आसपासची टार्गेट काडतुसे २५ मीटर सेंटर-फायर प्रकारात जगभर वापरतात. लिव्हर-अ‍ॅक्शनच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये गोळ्या एकामागे एक रांगेत बसतात, पुढच्या काडतुसाच्या टोपीला (ठिणगी देणाऱ्या भागाला) मागच्या गोळीचे टोक टेकते. तिथे वजनाआधी तोंडाचा आकार बघतात: सपाट हवे, कठीण टोक नको.

पेलेटचा मागचा घेर दबलेला असेल तर बोटाने गोल करून वापरावा का?

सरावाला वापरा, मोजणीच्या गोळीला नको. डबा पडला की कडेचे पेलेट दबतात, म्हणून कुरिअरने आलेला डबा उघडून वरचा थर उजेडात तिरका धरून बघा. भरताना पेलेट सरळ, डोके पुढे, आणि घेर बॅरलच्या तोंडाशी बरोबर समतल. अर्धा मि.मी. बाहेर राहिला तर झाकण बंद होताना तो चिरडतो, आणि मग तो ०.४५ चा होता की ०.५३ चा, याला काही अर्थ उरत नाही.